आंबिया बहाराचे टायर

शेषरावजी कोणतीही वस्तू आधी अंगठ्याने दाबून पाहत आणि मग तिच्याविषयी मत देत. संत्र्यांचा त्यांचा धंदाच होता, तेव्हा संत्रं दाबणं समजण्यासारखं होतं. पण गादी, साबणाची वडी, बर्फी, भिंतीचा ओला गिलावा, शेजारच्या बाळाचा गाल, सगळ्यांना तीच परीक्षा होती. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी माडीवरची खोली भाड्याने मागायला मी गेलो, तेव्हा माझ्या खांद्यावर वळकटी होती आणि तोंडाला कोरड पडली होती. शेषरावजींनी माझं नाव विचारलं नाही. माझा दंड दाबला, डोळे बारीक केले आणि आतल्या दिशेने ओरडले, "अवं, ठेवून घे याले! कच्चा हाये, पण आंबट नाही!"

"माणूस हाये का संत्रं?" आतून त्यांच्या पत्नीचा, वत्सलाबाईंचा आवाज आला. "आधी त्याले पाणी तं विचारा!"

मी वर्ध्याकडून आलो होतो, एका शाळेत इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो. बुजरा होतो, आणि समोरचा माणूस रंगात आला असताना त्याला अडवणं मला कधी जमत नसे. हा माझा दोष इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तो कामी आला, म्हणजे वाईट अर्थाने कामी आला.

शेषरावजींना आनंद लहान प्रमाणात होतच नसे. घरी नवा कूलर आला, तर गल्लीतली माणसं त्याच्यासमोर आळीपाळीने बसवली गेली आणि प्रत्येकाला "कसं वाटून राहिलं? काश्मीर वाटून राहिलं का नाही?" असं विचारलं गेलं. जपानी ट्रान्झिस्टर आला, तेव्हा पहाटेच त्यांनी माझं दार वाजवलं. "मास्तर, उठा! दुनिया कुठच्या कुठं चालली, अन् तुम्ही झोपून राहिले!" परदेशी मालाचं त्यांना विलक्षण कौतुक होतं. त्याला ते 'फारेन' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली येई. वत्सलाबाई म्हणायच्या, "यांच्या हाती फारेनचा धोंडा द्या, तोही दाबून म्हणतीन, काय नरम हाये!"

पण बाजारात त्यांच्या अंगठ्याला मान होता. काटोल-नरखेडकडचे बागाईतदार गाडीभर माल घेऊन आले की आधी शेषरावजींकडे येत. ते ढिगातलं एक फळ उचलत, देठाजवळ दाबत आणि सांगत, "हा माल आज इक. उद्या हा तुले रडवते." किंवा, "हा जाऊ दे कलकत्त्याले. पोचते." त्यात चूक झालेली कुणी ऐकली नव्हती. "डोळा फसते, कान फसते," ते म्हणायचे, "अंगठा नाही फसत गा. त्याले बोलता येत नाही, म्हणून खोटंही बोलता येत नाही."

त्या वर्षांत मोटारीला नवा टायर मिळवणं हे मोठं संकट होतं. नंबर लावा, ओळख काढा, वाट पाहा. टॅक्सीवाले बहुतेक रिमोल्डवर चालत. म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चढवून आणायचा आणि तो निघेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. शेषरावजींची स्वतःची एक जुनी ॲम्बेसेडर होती आणि मालासाठी एक ट्रक. टॅक्सी स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर त्यांचे मित्र. त्यातला विठोबा त्यांचा खास लाडका. विठोबाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर लुगडी विणली जात. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढायला विठोबाने नकार दिला आणि तो टॅक्सी चालवू लागला. "बापाचे पाय खड्ड्यात गेले," तो म्हणायचा, "माझे निदान ब्रेकवर तं हायेत."

दिवाळी झाल्यावर एका दुपारी शेषरावजी शाळेच्या फाटकावर येऊन उभे राहिले. धापा टाकत होते. "मास्तर, चला. तुमचं इंग्रजी लागते."

कामठी रोडवरच्या एका गोदामात मुंबईच्या कोण्या व्यापाऱ्याने टायर आणून ठेवले होते. बोटीवरून उतरलेले, कुठल्याशा थंड देशातले, ॲम्बेसेडरला माप जवळजवळ जुळणारे, आणि किंमत ऐकून विश्वास बसू नये इतके स्वस्त. कागदपत्रांविषयी विचारलं की तो व्यापारी विड्याचं पान दुसऱ्या गालात सरकवायचा. टायर मात्र देखणे होते. काळेभोर, कोरे, आणि नक्षी इतकी खोल की त्यात बोटाचं पेर जाईल. आमच्याकडच्या टायरांची नक्षी म्हणजे पाटीवरच्या रेघा. ही तर नांगरट होती.

शेषरावजींनी अंगठा टेकवला. अंगठा किंचित आत गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मास्तर," ते कुजबुजले, "ताजा हाये."

"टायर ताजा असतो?"

"कोणती चीज ताजी नसते? आपल्या इकडचा टायर दाबा, धोंडा लागते. गोदामात सुकून सुकून म्हातारा झालेला. हा पाहा, आत्ता तोडल्यावानी! बरं, हे बाजूले काय लिहिलं हाये, ते वाचा."

मी वाकून कडेवरची उठावाची अक्षरं वाचली. बरीचशी भाषा मला न कळणारी होती, पण एक शब्द ओळखीचा होता. "विंटर," मी म्हणालो. "म्हणजे हिवाळा."

"हिवाळा!" शेषरावजींनी माझ्या पाठीत थाप मारली. "म्हणजे आंबिया बहार!"

इथे संत्र्याविषयी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे संत्र्याला दोन बहार येतात. मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो, आंबिया हिवाळ्यात. शेषरावजींच्या मते आंबियाचा मोठा गुण असा की थंडीत तोडलेलं फळ वाटेत नासत नाही. "मालावर बहार लिहिते!" ते त्या व्यापाऱ्याला म्हणाले. "याले म्हणते इमानदारी! आमच्या बाजारात कोणी लिहिते का? मृगाच्या नावानं काहीही खपवून राहिले! हिवाळ्यात निघालेला माल हाये हा, मास्तर. ऊन लागलंच नाही त्याले. मंग तो नरम नाही राहणार तं काय?"

मला तेव्हा काहीतरी खटकलं होतं. टायर झाडाला लागत नाहीत, हे मला कळत होतं. एखादा कारखाना आपल्या मालावर ऋतूचं नाव कोरतो, तर त्याला काही सांगायचं असेल, असा विचार मनाच्या कोपऱ्यात आला होता. पण शेषरावजी टायरांच्या रांगेतून लहान मुलासारखे फिरत होते, एकेकाला दाबत होते, हसत होते. मी म्हणालो, "असेल."

तो शब्द मी पुढे पुष्कळदा आठवला आहे. विद्यार्थ्याने चुकीचं उत्तर दिलं तर मी "असेल" म्हणत नसे.

शेषरावजींनी होते तेवढे टायर उचलले. नफ्यासाठी घेतले असते तर आठ दिवस दाबून ठेवले असते. स्वतःच्या गाडीपुरते चार ठेवून बाकीचे त्यांनी त्याच संध्याकाळी टॅक्सी स्टँडवर जाऊन वाटल्यासारखे विकले. प्रत्येकाला आधी अंगठा लावायला लावला. "दाब! दाब अन् सांग! लोण्यावानी हाये का नाही? फारेन हाये, आंबिया हाये! मास्तरनं सोता वाचून पाहिलं!" ड्रायव्हर माझ्याकडे पाहत आणि मान डोलवत. इंग्रजीच्या मास्तराने वाचलेल्या गोष्टीत खोट कशी असेल?

हिवाळाभर ते टायर खरोखरच सुरेख चालले. डांबरावर त्यांचा एक बारीक गुणगुणता आवाज येई. विठोबा म्हणायचा, "गाडी भजन म्हणून राहिली, शेषरावजी!" पहाटेच्या थंडीत, दवाने ओल्या रस्त्यावरही गाडी घसरत नसे. स्टँडवर शेषरावजी गेले की चार हात सलामाला उठत. संक्रांतीला प्रत्येक ड्रायव्हरच्या घरून तिळगूळ आला. वत्सलाबाईंनी तेवढा एकदा पराभव मान्य केला. "या बार तुमचा अंगठा बरा चालला जी," त्या म्हणाल्या. शेषरावजींनी तो अंगठा त्यांच्यासमोर नाचवून दाखवला.

मग मे आला. नागपूरचा मे ज्याने पाहिला नाही, त्याला तो सांगून समजत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, डांबर चपलेला चिकटतं, माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात. आणि याच दिवसांत लग्नसराई, त्यामुळे सगळ्या टॅक्सी बाहेर.

शाळेला सुट्टी होती. काटोलकडे एक बगीचा पाहायला निघालेल्या शेषरावजींनी मला बरोबर घेतलं. मृगाच्या बहारासाठी तेव्हा झाडांचं पाणी तोडलेलं असतं. बाग ताणावर असते, पानं मलूल असतात. "झाडाले असं तहानलेलं पाहिलं का माझाच गळा सुकते," ते गाडी चालवता चालवता सांगत होते. सकाळच होती, पण वारा भट्टीतून आल्यासारखा लागत होता. अचानक मागच्या चाकातून फट-फट-फट असा आवाज सुरू झाला, जणू कुणी चाबकाने गाडी झोडपत होतं. शेषरावजी "काय हाये?" म्हणेपर्यंत मोठा बार झाला. गाडी एकदम आडवी झाली, रस्ता सोडला, शेताच्या धुऱ्यावर चढली आणि एका बाभळीला घासून थांबली. माझं कपाळ समोर आपटलं. शेषरावजींच्या हातात स्टिअरिंग तसंच होतं, घट्ट.

आम्ही उतरलो. टायरवरचा नक्षीचा अख्खा थर सुटून मागे रस्त्यावर पडला होता, सापाच्या कातीसारखा. शेषरावजींनी तो उलटून पाहिला. मग पुढच्या, धड दिसणाऱ्या टायरजवळ उकिडवे बसले आणि त्याला अंगठा लावला. चटका बसला, तरी काढला नाही.

"साल सुटून राहिली," ते म्हणाले. "वरून दिसत नाही, पण आतून साल सुटून राहिली मास्तर. उन्हात राहिलेल्या संत्र्यावानी. हात लावला का गर वेगळा, साल वेगळी." त्यांचा आवाज मी प्रथमच इतका हळू ऐकला. "काय लिहिलं होतं म्हणता त्याच्यावर? हिवाळा?"

"हो."

"मंग हिवाळ्यात निघालेला नाही. हिवाळ्यात चालवायचा हाये तो. त्यांच्याकडं बरफ पडते न? बरफावर नरमच पाहिजे." त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, तिथे फक्त ऊन होतं. "अन् मी तो नागपुरात इकला. मे महिन्याले."

मला ते गोदामातच सुचलं होतं, निदान सुचायला लागलं होतं, हे सांगायचा धीर मला झाला नाही. शेषरावजींना मात्र माझ्या मनात काय आहे हे पाहायला फुरसत नव्हती. ते ताडकन उभे राहिले. "मास्तर, जॅक काढा! लग्नाच्या गाड्या हायेत सगळ्या! एकेकीत आठ-आठ, दहा-दहा बसून राहिले असतीन!"

स्टेपनी जुनी, रिमोल्ड केलेली होती. ती लावून आम्ही नागपूरला परत आलो ते गोगलगाईच्या चालीने, आणि वाटभर शेषरावजी स्वतःलाच शिव्या देत होते. बहुतेक गाड्या अजून वऱ्हाड घ्यायला निघायच्या होत्या. स्टँडवर जाऊन त्यांनी आरडाओरडा सुरू केला. ड्रायव्हरांना आधी गंमत वाटली. मग शेषरावजींनी खरोखर चाकं उतरवायला घेतली तेव्हा भांडण झालं. "सीजनमध्ये धंदा बुडवता का जी?" "हिवाळ्यात लोणी होतं, आता जहर झालं काय?" शेषरावजी कुणाला हात जोडत होते, कुणाच्या अंगावर धावून जात होते. जुने रिमोल्ड लोकांनी टाकले नव्हते, घरात ठेवले होते. ते आणवले, बदलले. उन्हाने माणसं तापली होती आणि टायर त्याहून. दुपारपर्यंत सगळ्या गाड्या झाल्या. एक सोडून.

"विठोबा कुठं हाये?"

"नवरदेव घेऊन गेला. काटोलच्या पुढं, नरखेडकडच्या खेड्यात लग्न हाये. गोरज मुहूर्त."

शेषरावजी वळले आणि धावत सुटले. पन्नाशी उलटलेला, ठेंगणा, रुंद माणूस धोतर सावरत भर उन्हात महालाच्या रस्त्याने धावतो आहे आणि मागे इंग्रजीचा मास्तर, असं दृश्य लोकांनी दारात येऊन पाहिलं. ट्रक दारापुढेच उभा होता. मागे रिकामी लाकडी खोकी आणि त्यांत अंथरायचं तणीस. त्यांचा ड्रायव्हर लग्नाला गावी गेला होता. शेषरावजींनी स्वतःच ट्रक काढला. वत्सलाबाई धावत येऊन पाण्याची सुरई खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. "काहून जाऊन राहिले, कुठं जाऊन राहिले, काही सांगसान का नाही?" त्या ओरडत होत्या. ट्रक तोवर वळला होता.

तो प्रवास माझ्या आयुष्यातला सर्वात भयंकर आणि, आज खरं सांगायला हरकत नाही, सर्वात उत्कंठेचा प्रवास होता. रस्त्यावर कुठे गर्दी दिसली की आमचा जीव गोळा व्हायचा. गर्दी निघायची रसवंतीवरची. काटोलच्या एसटी स्टँडजवळ शेषरावजींनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "नवरदेवाची गाडी गेली का गा?"

"आत्ताच तं गेली! चहा पिऊन गेले. लय मजेत होते!"

थोड्या वेळात ती दिसली. पांढरी ॲम्बेसेडर, टपावर ट्रंका, काचेला झेंडूच्या माळा, आणि आत माणसं इतकी की गाडी मागून बसली होती. शेषरावजींनी हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. मी दाराला लटकून दुपट्टा हलवू लागलो. गाडीच्या खिडक्यांतून हात बाहेर आले आणि आम्हाला पाहून हलू लागले. नवरदेवाला सलामी मिळते आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. आम्ही वेग वाढवला तसा विठोबानेही वाढवला. काटोल रोडवर ट्रकला पुढे जाऊ देणं त्याच्या अब्रूचा प्रश्न होता. आतली पोरं खिडकीतून शिट्ट्या मारत होती.

"अबे भैताडा, थांब!" शेषरावजी काचेआडून ओरडत होते. मग त्यांनी अचानक हॉर्न सोडला. ट्रकचा वेग उतरवला.

"काय झालं?" मी किंचाळलो.

"आपण मांगं लागलो म्हणून तो पळून राहिला. जितकं पळते तितकं टायर तापते. आपणच मारून राहिलो त्याइले!" आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी ट्रक उजवीकडच्या पांदणीत घातला.

पांदण म्हणजे बागांमधून जाणारी बैलगाडीची वाट. शेषरावजींनी या बागा वर्षानुवर्षे पायी तुडवल्या होत्या. रस्ता पुढे मोठं वळण घेतो आणि ही पांदण त्याला मधून छेदते, हे त्यांना ठाऊक होतं. दोन्हीकडून फांद्या ट्रकला झोडपत होत्या, मागे खोकी उड्या मारत होती, सुरई फुटून माझं धोतर भिजलं. शेषरावजी झाडांची माफी मागत होते. "माफ कर बाई, माफ कर, या बार जाऊ दे." आम्ही पुन्हा डांबरी रस्त्यावर आलो, त्यांनी ट्रक आडवा लावला आणि खाली उडी मारली. वळणावरून ॲम्बेसेडर आली. विठोबाने ब्रेक मारले. गाडी शेषरावजींपासून हातभर अंतरावर थांबली.

आणि मग जे झालं, त्याची मी कल्पना केली नव्हती. चारही टायर धड होते. कुठे चीर नाही, फुगवटा नाही. काळेभोर, देखणे.

"दाखवा न कुठं खराब हाये!" विठोबा चिडून म्हणाला. "पळवून पळवून माझी सवारी घाबरवली तुम्ही!"

शेषरावजी चाकाशी बसले. "दिसत नाही बाप्पा. आतून सुटून राहिली साल. माझा फुटला आज सकाळी, मरता मरता वाचलो आम्ही. हात लावून पाहा."

"रबर हाये, नरम राहीनच," नवरदेवाचा मामा गाडीतून उतरला. त्याच्या फेट्याचा तुरा रागाने थरथरत होता. "मुहूर्त टळून राहिला! तुम्ही कोण हो?"

"हे टायर मीच इकले."

"मंग तेव्हा का झोपले होते?"

विठोबा माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही वाचलं होतं न? सांगा तुम्ही. काय लिहिलं होतं?"

"हिवाळा," मी म्हणालो. "त्यावर हिवाळा लिहिलं आहे. हे उन्हाळ्यात चालवायचे नसतात." मी हे अगदी स्पष्ट, वर्गात बोलतो तसं बोललो. पाच-सहा महिने उशिरा.

गाडीतली सगळी माणसं हसली. मामा तर कमरेवर हात ठेवून हसला. "टायरवर हिवाळा लिहिलं म्हणून उन्हाळ्यात लगन नाही करायचं का? चल बसा रे पोट्टेहो! विठोबा, काढ गाडी. बुढा बाजूले होते."

शेषरावजी बाजूला झाले नाहीत. ते सरळ विठोबाच्या दाराशी गेले, खिडकीतून हात घातला, गाडीची किल्ली काढली आणि रस्त्याकडेच्या बागेतल्या विहिरीत फेकून दिली. खालून 'डुबुक' असा आवाज आला.

"आता?" शेषरावजी म्हणाले. मग त्यांनी फेट्यातल्या मामापुढे हात जोडले. "मले शिव्या द्या. मारा. पण ट्रकमध्ये बसा. त्याचे टायर मी दहा वर्षांपासून ओळखतो."

मारलं कुणी नाही, पण शिव्या पुष्कळ दिल्या. तरी मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. नवरदेव, मनोहर त्याचं नाव, बाशिंग सांभाळत पहिला चढला. त्याला हसू आवरत नव्हतं. करवल्या शालू सावरत खोक्यांवर बसल्या, मामा तणसात उभा राहिला, पोरांनी ट्रकच्या फळ्यांवर ताल धरला. विठोबा माझ्या शेजारी तोंड फिरवून बसला. गावाच्या वेशीवर वाजंत्री सज्ज होती. संत्र्याच्या ट्रकमधून उतरणारा नवरदेव पाहून वाजंत्र्यांचा सूर आधी थांबला आणि मग दुप्पट जोराने सुरू झाला. नवरीकडची माणसं हसता हसता खाली बसली. शेषरावजींनी नवरीच्या बापाच्या पायांना हात लावला आणि ओरडले, "उशीर नाही झाला न? नाही न? लावा मंग लगन!" अक्षता पडल्या तेव्हा सर्वात मोठा आवाज त्यांचा होता.

विठोबाच्या गाडीचे टायर शेषरावजींनी उतरवून घेतले, बाकीचेही सगळे एकत्र केले. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं. तिथल्या त्यांच्या वावरात नेऊन एकेक टायर कुऱ्हाडीने तोडला. कुणी उचलून पुन्हा विकू नये म्हणून. पण त्यामुळे ते टायर खरंच वाईट होते का, हे कधी सिद्धच झालं नाही. त्यांचा स्वतःचा फुटला, तर लोक म्हणाले, म्हाताऱ्याला गाडी चालवता येत नाही. कुणी म्हणाले, दुसरीकडे जास्त भाव मिळाला म्हणून मागे घेतले. बाजारात बागाईतदार त्यांच्याकडे माल दाखवायला येताना हसू लागले. "शेषरावजी, फळ दाबा, पण इहिरीत नका फेकू!" विठोबा तर हा किस्सा नकलेसकट सांगायचा.

मला राग यायचा. एकदा स्टँडवर मी भांडायलाही निघालो होतो. शेषरावजींनी मला दंडाला धरून परत आणलं. "हसू द्या हो. हसतात तं जित्ते हायेत न?"

पुढे माझं लग्न झालं, मी दुसरीकडे राहायला गेलो, पण त्यांच्याकडे जाणं सुटलं नाही. शेवटच्या आजारात ते खाटेवर होते, आवाज खोल गेला होता, उत्साह तेवढा शिल्लक होता. त्या दिवशी मी धीर करून सांगितलं. गोदामात मला खटकलं होतं. मी "असेल" म्हणालो. तेव्हाच बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि लोक तुम्हाला हसले नसते.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "इतके वर्ष हे घेऊन फिरून राहिले काय?" ते म्हणाले. "मास्तर, विठोबाचा टायर फुटला असता, तं मी खरा ठरलो असतो. दहा माणसं गेली असती, अन् लोक म्हणाले असते, शेषरावजी खरं बोलून राहिला होता. त्या दिवशी ट्रकमध्ये मी देवाले एकच म्हणत होतो. मले खोटा पाड. काही करून मले खोटा पाड." ते हसले. "त्यानं पाडलं. मंग तक्रार कायची?"

त्या आठवड्यातच ते गेले. तेरवीला गर्दी झाली होती. जेवणं झाल्यावर अंगणात विठोबाने तोच किस्सा काढला. आता त्याचे केस पिकले होते आणि त्यातला हॉर्न तो अधिकच छान वाजवायचा. समोर मनोहर बसला होता, पोट सुटलेला, शेजारी बायको, मांडीवर झोपाळलेलं धाकटं पोर. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा सर्वात मोठ्याने तोच हसला. "काका एकदम पागल होते," तो डोळे पुसत म्हणाला. "टायरले काहीच झालं नव्हतं!"

दाराशी वत्सलाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं. समोर ती सगळी माणसं होती, मामा, करवल्या, मनोहर, त्याची पोरं, हात-पाय धड, तोंडं उघडी, हसणारी.

"हो," मी म्हणालो, "काहीच झालं नव्हतं." आणि मीही हसलो.